जुनं लॉन मोवर आणि जुना मिनी ट्रॅक्टर: आधी काय बघायचं, मग कसं सांभाळायचं

मृगाचा पाऊस पडला की बेळगाव-खानापूर भागात गवत असं वाढतंय की आठ दिवस दुर्लक्ष केलं तर अंगणात पाय टाकायला भीती वाटते. मग शेडमध्ये पडलेलं जुनं लॉन मोवर बाहेर निघतं, कुणी कॅम्पातल्या बंगल्यातून घेतलेलं असतं, कुणी शाळेनं काढून टाकलेलं, आणि काजूच्या नाहीतर आंब्याच्या बागेत फिरवायला घेतलेला पंधरा-अठरा एचपीचा सेकंडहँड मिनी ट्रॅक्टर तर आता जांबोटीपासून निपाणी-चिकोडीपर्यंत कुठंही दिसतो. ह्या जुन्या मशीनी वाईट नसतात बरं का, जाड पत्रा, साधं इंजिन, कुठलाही चांगला मेस्त्री खोलून बसवू शकतो. अजून पंधरा वर्षं चालतील अशा असतात.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. जुन्या मशीनचं इंजिन सहजासहजी जात नाही, त्याच्या आधी जातात ते माणसाला वाचवणारे पार्ट. गार्ड काढून ठेवलेला असतो, स्विच बायपास केलेला असतो, ब्रेकच्या पेडलची कडी गायब असते, आणि मशीन मात्र फर्स्ट क्लास चालू होतंय म्हणून घेणारा खूष. त्यामुळं ऑइल-फिल्टरच्या आधी हे बघायचं, इंजिन बंद ठेवून, दिवसाउजेडी, घाई न करता.

मोवरवर काय काय गायब असतंय

ढकलायच्या मोवरच्या हँडलला एक दांडी असते, ती हातानं दाबून धरली तर इंजिन चालतं, सोडली की थांबतं. अमेरिकेत १९८२ पासून घरगुती ढकलायच्या मोवरला नियमच आहे की दांडी सोडल्यावर पातं ३ सेकंदात थांबलं पाहिजे. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या मशीनींना ही सोय नसतेच, आणि जिथं असते तिथं हात दुखतोय म्हणून कुणीतरी ती बाइंडिंग वायरनं हँडलला बांधून टाकलेली असते. ती वायर आधी कापून काढा, बाकी सगळं नंतर. दांडीच नसेल तर निदान किल स्विच तरी बसवून घ्या, इग्निशन कॉइलमधून एक बारीक वायर निघते, ती बॉडीला टेकली की ठिणगी बंद होते, त्या वायरवर बाइकचा साधा किल स्विच टाकून हँडलवर हाताशी लावायचा, कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात करून देईल. फक्त एवढं समजून घ्या की किल स्विचनं इंजिन बंद होतं, पातं पुढं काही सेकंद फिरतच असतंय, आवाज थांबला म्हणजे पातं थांबलं असं नाही.

आणि ते पातं किती वेगात फिरतं ते एकदा हिशेब करून बघा. २१ इंची पातं ३,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३,००० फेरे, फिरत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटर होतो. आपल्या खानापूरच्या तांबड्या जमिनीत सगळीकडं जांभ्याचे खडे असतात, तसला एक खडा पात्याला लागला की तो कुठं जाईल सांगता येत नाही. म्हणून मागच्या बाजूला जो रबराचा नाहीतर पत्र्याचा फ्लॅप असतो आणि साइडला गवत बाहेर पडायच्या तोंडावर जे झाकण असतं, ते दोन्ही पाहिजेतच. ओरिजिनल मिळत नसेल तर भंगारवाल्याकडं कारखान्याच्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे मिळतात, ते मापानं कापून नटबोल्टनं जाम बसवा, नव्या रबरापेक्षा जास्त टिकतंय ते.

ट्रॅक्टरवर त्याहून जास्त लक्ष द्या

सगळ्यात धोकादायक सवय आपल्याकडं कुठली असेल तर जमिनीवर उभं राहून स्टार्टरला स्क्रूड्रायव्हर टेकवून इंजिन चालू करायची. चावीनं लागत नाही म्हणून कुणीतरी एकदा करतं आणि मग ती रोजचीच पद्धत होते. ह्यात होतं काय, न्यूट्रलचा किंवा क्लचचा जो सेफ्टी स्विच असतो तो ह्या पद्धतीत बाजूलाच राहतो, गिअर पडलेला असेल तरी इंजिन घेतं, आणि माणूस उभा असतो पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे. मागचं चाक अंगावर येतं. उडी मारायला वेळच नसतो. हे लिहिताना मला हात जोडून सांगावंसं वाटतंय, असं करू नका आणि आपल्या गड्यालाही करू देऊ नका. सीटवर बसून, गिअर न्यूट्रल, क्लच दाबून, चावीनंच.

चावीनं लागत नसेल तर कारण बहुतेक वेळा साधं असतंय. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी, बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली, सोलेनॉइडचे (स्टार्टरला करंट सोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट जळलेले, किंवा तो सेफ्टी स्विचच खराब. टर्मिनल खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, सुकवा, अर्थिंगची पट्टी काढून खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं घासा, परत घट्ट बसवा. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. सगळं करूनही लागत नसेल तर सोलेनॉइड बदला, पण बायपास नको.

दुसरं पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारा फिरता शाफ्ट. मागचा शाफ्ट ५४० आरपीएमला फिरतो म्हणजे सेकंदाला ९ फेरे. लुंगीचा काठ, गळ्यातला टॉवेल, ओढणी, पदर, काहीही त्यात गुंतलं की माणूस समजायच्या आत ओढला जातो. शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर आणि ट्रॅक्टरच्या मागं पत्र्याचं शिल्ड असलंच पाहिजे, आणि कव्हर असलं तरी फिरत्या शाफ्टवरून ओलांडून जायचं नाही, लांबून वळसा घालून जायचं. रोटाव्हेटरात गवत, पाला, तार अडकली तर पीटीओ बंद करा, इंजिन बंद करा, चावी खिशात टाका, मगच हात घाला. चावी खिशात हे महत्त्वाचं, कारण शेतात पोरं असतात.

ब्रेकची दोन पेडलं असतात, डावं-उजवं वेगळं, बागेत वळताना सोयीचं म्हणून. रस्त्यावर यायच्या आधी ती दोन्ही कडीनं जोडायची असतात. जुन्या ट्रॅक्टरवर ही कडीच नसते आणि मग हायवेवर घाईत एकच पेडल दाबलं की ट्रॅक्टर एका बाजूला खेचतो आणि उलटतो. लोखंडी पट्टीची कडी कुणीही वेल्डर करून देतो, आजच करून घ्या.

उलटण्याबद्दल अजून थोडं. ओढायचं असेल तर कायम खालच्या ड्रॉबारलाच साखळी लावा, वरच्या लिंकला किंवा ॲक्सलला कधीच नाही, कारण ओढायची जागा उंच असली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागं पालथा होतो, हे सगळं दोनेक सेकंदात संपतं. काळ्या रानात मागची चाकं रुतली तर जोरात पुढं काढायचा प्रयत्न करू नका, रिव्हर्स घेऊन काढा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून घ्या. डोक्यावर रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर माणसाला वाचवणारी लोखंडी कमान) असेल तर सीट बेल्ट लावायचाच, रोल बार नसेल तर बेल्ट लावायचा नाही कारण मग माणूस ट्रॅक्टरखालीच अडकतो. मडगार्डवर पोरगं बसवायची पद्धत तर बंदच करा, कितीही हट्ट करू दे. आणि सीझनला उसाची भरलेली ट्रॉली ह्या छोट्या ट्रॅक्टरला जोडायचा मोह होतो, ओढतो म्हणून जोडतात, पण ओढणं वेगळं आणि उतारावर थांबवणं वेगळं, त्याचे ब्रेक तेवढ्या वजनासाठी केलेलेच नाहीत.

मुद्दाम कच्चे ठेवलेले पार्ट

हे फार कमी लोक सांगतात म्हणून वेगळं लिहितोय. मोवरच्या इंजिनात फ्लायव्हील आणि क्रँकच्या मधे एक छोटी चावी असते, मऊ धातूची. पातं दगडाला किंवा झाडाच्या बुंध्याला जोरात आपटलं की ती चावी कातरते, पूर्ण तुटत नाही कधीकधी, नुसती सरकते, आणि ठिणगीचं टायमिंग बिघडतं. मग इंजिन चालूच होत नाही, किंवा दोरी ओढताना हाताला उलटा हिसका देतं, आणि लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात. दगड लागल्यानंतर मशीन बिघडलं असेल तर आधी ही चावी बघा. पात्याचा बोल्ट सैल असला तरी असाच हिसका बसतो, तोही बघा.

आता आपल्या बेळगावची अडचण म्हणजे इथं सगळं करून मिळतं. उद्यमबागेत जा, लेथवर तासाभरात झकास स्टीलची चावी काढून देतील, कारागीर एकेक असे आहेत की काही विचारू नका. बुश, पुली, स्पिंडल, चाकाचा ॲक्सल हे सगळं बिनधास्त तिथं करून घ्या. पण ही चावी स्टीलची करू नका. ती मऊ आहे ती मुद्दाम, ती तुटते म्हणून क्रँक वाचतो. स्टीलची टाकली तर पुढच्या दगडाला क्रँकच वाकतो. रोटाव्हेटर नाहीतर स्लॅशरच्या शाफ्टवरच्या शिअर बोल्टचंही तेच, सारखा तुटतोय म्हणून कुणी हाय टेन्साइल बोल्ट टाकला तर गिअरबॉक्स फुटतो. सारखा तुटत असेल तर जमिनीत काय आहे ते बघा, बोल्टवर राग काढू नका. गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा स्पीड आवरणाऱ्या पार्टची, स्प्रिंगही अशीच, जास्त स्पीड पाहिजे म्हणून ती ताणून बांधणारे आहेत, त्यानं इंजिनाचा रॉड सुटतो आणि पात्याचा वेग हद्दीबाहेर जातो.

पेट्रोल, आत्ताचा सगळ्यात मोठा त्रास

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, इथल्या उसातूनच इथेनॉल होतंय, शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे ते मान्यच. पण २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर यायला लागलं आणि आता जवळपास सगळीकडं तेच मिळतं, आणि आपली जुनी मोवर इंजिनं त्यासाठी बनलेली नाहीत, बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतंय. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. जुलैत आपल्याकडं भिंतींना सुद्धा ओल येते, तिथं अर्ध्या भरलेल्या टाकीत काय होत असेल विचार करा. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, वर पेट्रोल राहतं, आणि कार्ब्युरेटरला खालचंच आधी जातं. शिवाय जुन्या रबरी पायपा, वॉशर, डायफ्राम मऊ पडतात, फुगतात, त्यांचे कण जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, अडकतात.

ह्यावर करायचं काय, तर पेट्रोल थोडं आणायचं, महिन्याभरात संपेल एवढंच. मागच्या सीझनचं उरलेलं वापरायचं नाही. काम झालं आणि परत पंधरा-वीस दिवस मशीन लागणार नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. पेट्रोलची पाइप कडक किंवा चिकट झाली असेल तर इथेनॉलला चालणारी नवी पाइप टाका, मधे एक छोटा फिल्टर टाका. आणि इंजिन हुंकारे देत असेल म्हणजे आवाज वर-खाली, वर-खाली होत असेल तर बहुतेक जेट अर्धवट बंद आहे. कार्ब्युरेटरचं खालचं वाटीसारखं भांडं खोला, आत चिकट पिवळा थर दिसेल, कार्ब क्लीनरनं धुवा, जेटच्या भोकात वायरमधली एक बारीक तांब्याची तार घाला, सुई किंवा स्टीलची तार नको, भोक मोठं होतं आणि मग ते कधीच नीट होत नाही. क्लीनर मारताना गॉगल घाला, तो उलटून डोळ्यात उडतो.

गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. पाऊस आला म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा होऊन जातो.

खांद्यावरच्या ब्रश कटरचं वेगळं, त्याचं इंजिन टू स्ट्रोक असेल तर ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं, १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली, तुमच्या मशीनला कुठलं ते टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तकात असतं. अंदाजे ओतू नका. आणि फोर स्ट्रोक मोवरमध्ये हे मिक्स पेट्रोल टाकायचं नाही.

पातं

पात्याला हात लावायच्या आधी स्पार्क प्लगची कॅप काढून लांब ठेवा. प्रत्येक वेळी. पातं हातानं फिरवलं तरी इंजिन एक ठिणगी घेऊ शकतं आणि बोटं जायला तेवढं पुरतं. मोवर आडवा करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये शिरतं, मग पांढरा धूर निघतो आणि घरचे घाबरतात.

धार लावताना आधीचा जो कोन आहे तोच ठेवा, ग्राइंडरवर पातं निळं पडेपर्यंत धरू नका, निळं पडलं म्हणजे त्याचं पाणी उतरलं, कानशीनं सावकाश केलेलं बरं. वस्तऱ्यासारखी धार लागत नाही. मग मधल्या भोकात खिळा घालून भिंतीवर आडवं टांगा, जी बाजू खाली जाईल ती जड, तिथलं थोडं घासा, दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत. बॅलन्स नसलेलं पातं हादरे देतं, त्यानं हँडलचे बोल्ट सुटतात आणि क्रँकचं सील जातं. चीर पडलेलं, वाकलेलं, टोकाला पातळ झालेलं पातं मात्र सरळ भंगारात टाका. वेल्डिंग करून परत वापरायचं नाही, कितीही चांगला वेल्डर असू दे.

गवत एकदम मुळाशी कापू नका, उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी नको, इंजिनावरही लोड येत नाही. ओलं गवत खाली डेकमध्ये (पात्यावरच्या पत्र्याच्या आत) चिकटतं, उघडीप पडली की दुपारनंतर कापा. ढकलायचं मोवर उताराला आडवं चालवायचं, म्हणजे पाय घसरला तरी पात्याखाली येत नाही. बसून चालवायचं असेल तर उलट, सरळ वर-खाली, आणि उतार १५ अंशांपेक्षा जास्त असेल तर त्याच्यावर चढायचंच नाही.

कापायच्या आधी जागेवरून एकदा काठी घेऊन चालत जा. खडे, बाटल्या, बाइंडिंग वायर, पोरांचे चेंडू उचला. आणि आपल्या भागात घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत, उंच गवतात ते सहसा हलत नाहीत, म्हणून काठी आपटत, नीट बघत जा. पायात गमबूट किंवा जाड बूट, चप्पल नाही. डोळ्याला गॉगल. पोरं आणि कुत्रं घरात.

ऑइल, हवा, पाणी

मोवरचं ऑइल फार थोडं असतं, साधारण अर्धा लिटर, त्यामुळं ते लवकर काळं होतं. ५० तासांनी किंवा सीझनला एकदा बदला, इंजिन कोमट असताना, कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं, बहुतेकांना एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३० असतं. जास्त भरू नका. प्लगचं गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिमी.

मिनी ट्रॅक्टरला जुन्या पद्धतीचा ऑइल बाथ एअर क्लीनर असेल तर धुळीच्या दिवसात रोज उघडून बघा, खाली गाळ बसला की डिझेलनं धुऊन नवं ऑइल खुणेपर्यंतच भरा. काळा धूर येत असेल तर इंजेक्टरच्या आधी इथं बघा. रेडिएटरच्या जाळीत पाला अडकतो, तो आतून बाहेरच्या दिशेनं हवा मारून काढा, आणि आत बोअरचं पाणी भरू नका, क्षार बसतात, कूलंटच टाका. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. डिझेल लाइन कुठं गळतीय ते हाताच्या बोटानं चाचपायचं नाही, इंजेक्टरच्या पाइपमधलं प्रेशर इतकं असतं की बारीक फवारा कातडीतून आत घुसतो, आणि वरून टाचणी टोचल्यासारखंच दिसतं म्हणून लोक घरी बसतात, हात कापायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा. तसं काही झालंच तर थेट हॉस्पिटलला जा आणि डॉक्टरला डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

जुन्या ब्रेक आणि क्लचच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली शिरू नका, खाली टेकवून मगच काम करा. ग्रीस निप्पल, टायरची हवा, बेल्टचा ताण हे तर तुम्ही बघताच.

खंडेनवमीला मशीन ठेवताना

दसऱ्यापर्यंत गवत आटोक्यात येतं आणि खंडेनवमीला आपण सगळी अवजारं, मशीनी बाहेर काढून धुतोच, पूजा करतो. वर्षाची सर्व्हिस त्याच दिवसात करा, वेगळी आठवण ठेवायला लागत नाही. फक्त प्रेशरच्या पाण्यानं एअर फिल्टर, सायलेन्सर, कॉइल आणि बॅटरीवर मारू नका. डेकच्या खालचं वाळलेलं गवत खरवडून काढा, त्याच्याखाली पत्रा कुजतो. टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करा, प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल टाका, दोरी हळू दोन-तीनदा ओढा, प्लग परत बसवा. ट्रॅक्टरची डिझेल टाकी मात्र भरून ठेवा, रिकाम्या जागेत पाणी धरतं. बॅटरीची मायनस वायर सोडा.

सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक कापडानं झाका, कारण कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते आणि जूनमध्ये मशीन का चालू होत नाही हे कुणालाच कळत नाही. सीटखाली आणि वायरिंगजवळ उंदीर घर करतात, महिन्यातून एकदा बॉनेट उघडून बघा. जुन्या मशीनचा तासांचा मीटर बहुतेक बंदच असतो, तेव्हा शेडच्या भिंतीला एक वही टांगून ठेवा आणि त्यात किती तास चाललं, ऑइल कधी बदललं, पातं कधी काढलं एवढं लिहीत जा, गडी चालवत असेल तर त्यालाच लिहायला सांगा.